गार प्लाझ्मा, नाजूक प्लास्टिक आणि हरंगुळचा डबा

जुलै २०२० मध्ये, टाळेबंदीमुळे बहुतेक प्रवासी गाड्या यार्डात उभ्या असताना, रेल्वेने एका नव्या डब्याची घोषणा केली. पंजाबातल्या कपूरथळ्याच्या कारखान्यात तयार झालेल्या त्या डब्याचं नावच ‘पोस्ट कोविड कोच’ होतं. पायाने चालणारे नळ, तांब्याचा मुलामा दिलेले कठडे आणि कड्या, वातानुकूलनाच्या नळीत बसवलेलं प्लाझ्मा हवाशुद्धी यंत्र, आणि बेसिन, संडास, आसनं, खाण्याचं टेबल, खिडकीची काच अशा हात लागणाऱ्या जागांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप. प्रकाश पडला की हा लेप जंतू मारतो, बुरशी मारतो, आणि त्याचा परिणाम बारा महिने टिकतो, असं रेल्वेच्या निवेदनात होतं.

बारा महिने. रेल्वेचा डबा तीस-पस्तीस वर्षं धावतो, हे लक्षात घेतलं की हा आकडा टोचतो. फवाऱ्याने मारलेला पाण्यातला लेप हात, फडकं, फिनाईल यांच्यापुढे किती टिकणार! गंमत अशी की त्याच डब्यात, दहा-पंधरा फुटांवर, प्लाझ्माचं यंत्र हवा शुद्ध करत बसलेलं होतं. टायटॅनियम डायऑक्साइड प्लास्टिकवर कायमचा चिकटवायचा तर एक भरवशाचा मार्ग प्लाझ्माचाच आहे. दोन्ही एकाच डब्यात आले, पण त्यांची गाठ काही पडली नाही.

ती गाठ पडू शकेल अशी एक जागा आता मराठवाड्यात आहे. लातूरजवळच्या हरंगुळला मराठवाडा रेल्वे डबा कारखाना उभा आहे. ३१ मार्च २०१८ रोजी त्याची पायाभरणी झाली आणि २५ डिसेंबर २०२० रोजी पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. २०२३ मध्ये शयनयान ‘वंदे भारत’ गाड्यांचं मोठं कंत्राट रेल विकास निगम आणि रशियाची टीएमएच यांच्या भागीदारीला मिळालं. एकूण १,९२० डबे, आणि त्यांच्या बांधणीची जागा लातूर.

लातूरला रेल्वे नवी नाही, पण लातूरच्या वाट्याला आलेली रेल्वे बरीच वर्षं छोटीच होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये सुरू केलेली बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोहोचली, अडीच फुटी रुळांवरून. ती रुंद व्हायला २००८ उजाडलं. त्याच रुंद झालेल्या वाटेने १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून ‘जलदूत’ आली, दहा वाघिणींमध्ये सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, आणि लातूरच्या गल्ल्यांमध्ये निळ्या बॅरलांच्या रांगा लागल्या होत्या. पाण्याच्या त्या बॅरलांकडे पुढे परत यावं लागेल, कारण असल्या लेपाचं नाव निघालं की कुणीतरी हमखास विचारतं, ‘यानं पाणी शुद्ध होतं का?’

आधी लेपाचं काम काय ते पाहू. टायटॅनियम डायऑक्साइड आपल्या अवतीभवती भरपूर आहे. भिंतीचा पांढरा रंग, पांढरे पीव्हीसी पाइप, टूथपेस्ट यांच्या पांढरेपणाचा मालक तोच. त्याचं खनिज, इल्मेनाइट, आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत आहे. या पदार्थाचा दुसरा गुण जगापुढे आला तो जपानमुळे. टोकियो विद्यापीठात केनिची होंडा यांच्या हाताखाली शिकणाऱ्या अकिरा फुजिशिमा यांना १९६७ मध्ये दिसलं की पाण्यात बुडवलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकला की पाण्याचं विघटन होतं. १९७२ मध्ये ‘नेचर’मध्ये तो निबंध आला आणि या विद्याशाखेचा पाया घातला गेला.

घडतं ते असं. या पदार्थाच्या ‘अनाटेज’ नावाच्या स्फटिकरूपात इलेक्ट्रॉनला एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर चढायला ३.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट एवढी ऊर्जा लागते. ती साधारण ३८८ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीच्या प्रकाशात असते, म्हणजे अतिनील किरणांत. इलेक्ट्रॉन वर गेला की मागे मोकळी जागा उरते. ती जागा पृष्ठभागावरच्या ओलाव्याकडून इलेक्ट्रॉन ओढते आणि हायड्रॉक्सिल नावाचा अतिशय आक्रमक मूलक तयार होतो. वर गेलेला इलेक्ट्रॉन हवेतल्या ऑक्सिजनला चेतवतो. हे दोघं मिळून तेलकट थर, घामाचे डाग, जिवाणूचं आवरण, दुर्गंधीचे रेणू असं कार्बनी जे सापडेल ते तोडत सुटतात. १९९७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी आणखी एक गुण मांडला: अतिनील प्रकाश पडलेल्या अशा पृष्ठभागावर पाण्याचा थेंब गोल राहतच नाही, पसरून सपाट चादर होतो आणि मळ खाली घेऊन जातो. २००१ मध्ये पिल्किंग्टन कंपनीने याच आधारावर स्वतः स्वच्छ होणारी खिडकीची काच बाजारात आणली, आणि रोममध्ये रिचर्ड मायर यांनी बांधलेल्या, २००३ मध्ये पूर्ण झालेल्या चर्चच्या शिडांसारख्या पांढऱ्या भिंतींमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड मिसळलेलं सिमेंट वापरलं गेलं.

काच आणि सिमेंट, दोघांनाही उष्णतेचं भय नाही. पिल्किंग्टनचा लेप तर काच भट्टीतून बाहेर पडून तापलेली असतानाच तिच्यावर बसतो. वायू तिच्या अंगावरच फुटतो आणि थर जमतो. मातीच्या टाइलवर द्रावण मारून भाजता येतं. प्लास्टिकचं तसं नाही. द्रावणातून बसवलेल्या थरात अनाटेजचे स्फटिक घडवायचे तर साधारण ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजावं लागतं. पाण्याच्या बाटलीचं पेट ७५ अंशांच्या सुमारास नरम व्हायला लागतं, पीव्हीसी ८०च्या आसपास, ॲक्रेलिक १०५च्या पुढेमागे, पॉलिकार्बोनेट १४७ला. शेतात अंथरायचा पॉलिथिनचा कागद ११०ला वितळूनच जातो. म्हणजे जिथे स्फटिक जन्मतो तिथे प्लास्टिकचा अंत्यविधी झालेला असतो.

रेल्वेचा डबा आतून पाहिला तर तो जवळजवळ प्लास्टिकचाच असतो. फायबर ग्लासची भिंत, लॅमिनेटचे पत्रे, दिव्यांवरची पॉलिकार्बोनेटची झाकणं, टेबलं, स्विचची पाटी, संडासातलं अख्खं साच्यात घडवलेलं खोकं. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस दोन हजार किलोमीटरच्या घरात धावते, दीड दिवस चालते, आणि वाटेत स्थानकांवर लंगरचं जेवण डब्यात येतं. त्या खिडकीजवळच्या टेबलावर दीड दिवसात किती हात, किती डाळ आणि किती लहान मुलं येऊन जातात याचा हिशेब कुणी ठेवत नाही. लेप हवा तो इथे.

आता प्लाझ्मा. वायूला पुरेशी वीज दिली की त्याच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि भारित कणांचा जो समुदाय होतो तो प्लाझ्मा. हे नाव आयर्विंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये दिलं. किती तापमानाला वायूचा किती भाग असा फुटेल याचं गणित त्याआधीच, १९२० मध्ये, आपल्या मेघनाद साहांनी मांडलं होतं, ताऱ्यांसाठी. ताऱ्यात सगळंच तापलेलं असतं. पण हवा काढून घेतलेल्या नळीत, कमी दाबाखाली, एक वेगळी गोष्ट घडते. विजेचं क्षेत्र हलक्या इलेक्ट्रॉनांना पळवतं. जड अणू जागचे फारसे हलत नाहीत. एक इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे सुमारे ११,६०० अंश, या हिशेबाने इलेक्ट्रॉन वीस-तीस हजार अंशांवर असतात आणि वायू मात्र खोलीच्या तापमानापेक्षा थोडाच गरम. दिवाळीत मुलांच्या हातावर फुलबाजीच्या ठिणग्या पडतात आणि भाजत नाही, त्यामागचं कारण याच जातीचं आहे: ठिणगी हजार अंशांच्या वर असते, पण तिच्यात वस्तुमान एवढं कमी की देण्यासारखी उष्णताच नसते. घरातली जुनी ट्यूबलाइट हा असाच गार प्लाझ्मा, हात लावता येईल असा.

प्लास्टिक आणि प्लाझ्मा यांची ओळख मराठवाड्यात आधीच झालेली आहे. दुधाच्या पिशवीवर छापलेलं नाव बोटाने घासून निघत नाही, कारण छपाईआधी तो पॉलिथिनचा रोल विजेच्या ठिणग्यांच्या पडद्याखालून जातो. कारखान्यात याला ‘कोरोना ट्रीटमेंट’ म्हणतात (रोगाशी काही संबंध नाही, नाव त्याच्या कितीतरी आधीचं). पॉलिथिन मेणचट असतं, शाई त्याच्यावर धरत नाही; हवेतल्या प्लाझ्माने त्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट बसवले की ते शाईला पकड देतं. लेप बसवताना पहिली पायरी हीच.

पुढची पायरी बंद पेटीत होते. स्टीलच्या चेंबरमधली हवा पंपाने काढतात. आत प्लास्टिकचा तुकडा. मग दोन वाटा आहेत. पहिलीत टायटॅनियमच्या एका द्रव संयुगाची वाफ, टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड हे नेहमीचं, ऑक्सिजनबरोबर आत सोडतात आणि १३.५६ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींनी प्लाझ्मा पेटवतात. जे काम भट्टीत उष्णता करते ते इथे वेगवान इलेक्ट्रॉन करतात: रेणू फोडतात. तुटलेले तुकडे प्लास्टिकवर येऊन ऑक्साइडचा थर बनवतात. दुसऱ्या वाटेत टायटॅनियमची शुद्ध चकती चेंबरमध्ये बसवतात, तिच्यावर आर्गॉनचे आयन आदळवतात, उडालेले टायटॅनियमचे अणू वाटेत ऑक्सिजन घेऊन प्लास्टिकवर बसतात. याला स्पटरिंग म्हणतात. चकाकत्या चिप्सच्या पाकिटाला ॲल्युमिनियमचा थर देण्याची रीत याच कुळातली, पण ती सोपी. धातू नुसता वाफवायचा असतो. ऑक्साइडचा थर मिनिटाला काही नॅनोमीटर अशा गतीने वाढतो आणि शंभर ते पाचशे नॅनोमीटर झाला की पुरतो. माणसाचा केस साठ-सत्तर हजार नॅनोमीटर जाड असतो.

एवढ्यावर काम झालं असतं तर हा लेख लिहायची गरज पडली नसती. अडचण अशी की गार जागी बसलेला थर बहुतेक वेळा स्फटिक नसतो. अणू येऊन पडतात आणि पडले तिथेच गोठतात. रांगेत बसायला लागणारी हालचाल त्यांना मिळत नाही. असा विस्कळीत थर दिसायला छान, काचेसारखा पारदर्शक, पण प्रकाशात फारसं काम करत नाही. मग युक्ती काय, तर उष्णता न देता हालचाल द्यायची. येणाऱ्या अणूंबरोबर हलके हलके आयन आदळत ठेवायचे, काही दहा इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे. ते वरच्या दोन-चार थरांना तेवढे हलवतात आणि खालचं प्लास्टिक थंड राहतं. ऊर्जा कमी पडली तर स्फटिक नाहीत. फार झाली तर स्फटिक मोडतात, थर ताणाने तडकतो, प्लास्टिकही भाजतं. सगळं कसब या अरुंद पट्टीत आहे. स्वीडनमध्ये १९९९च्या सुमारास पुढे आलेली एक पद्धत इथे उपयोगी ठरली: वीज सलग न देता अत्यंत जोरदार, अत्यंत आखूड झटक्यांत द्यायची. झटक्यात आयनांचा पूर येतो, दोन झटक्यांच्या मध्ये प्लास्टिक निवतं. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ईपीएफएल संस्थेत अशा रीतीने पॉलिएस्टर आणि पॉलिथिनवर थर बसवून त्यांच्या साह्याने जिवाणू मारून दाखवले गेले आहेत.

दुसरी अडचण मला सगळ्यात रंजक वाटते. हा लेप कार्बनी पदार्थ खातो आणि प्लास्टिक स्वतःच कार्बनी पदार्थ आहे. म्हणजे लेप ज्या फांदीवर बसला आहे तीच पोखरतो. जुन्या ऑइलपेंट मारलेल्या दारावरून हात फिरवला की तळव्याला पांढरी भुकटी लागते, ती याच प्रकाराची खूण. रंगातल्या पांढऱ्या कणांनी उन्हात भोवतालचं तेल खाऊन टाकलेलं असतं आणि कण मोकळे झालेले असतात. रंगाच्या कारखानदारांनी यावर उपाय केला तो प्रत्येक कणाला सिलिका किंवा ॲल्युमिनाचं कवच घालून. प्लास्टिकवर लेप देतानाही तेच करावं लागतं: आधी सिलिकाचा थर, त्यावर टायटॅनियम डायऑक्साइड. मूलक सिलिका ओलांडून जात नाहीत. प्लाझ्माचा मोठा फायदा इथे दिसतो. चेंबर न उघडता, आधी ऑक्सिजनने साफसफाई, मग सिलिकॉनची वाफ सोडून कवच, मग टायटॅनियम, असे तीन टप्पे सलग होतात. जपानमध्ये पीव्हीसीच्या तंबूछतांवर टायटॅनियम डायऑक्साइडच्या लेपाचा व्यापार वर्षानुवर्षं चालू आहे आणि तिथेही मधला संरक्षक थर असतोच.

तिसरी अडचण लातूरच्या मे महिन्याची. प्लास्टिक तापलं की टायटॅनियम डायऑक्साइडच्या सात-आठ पट जास्त फुगतं. दुपारी फुगलं, रात्री आकसलं, असं वर्षभर. थर जाड असेल तर तडकणार. म्हणून तो पातळ हवा आणि कवच थोडं लवचीक हवं. प्लाझ्मात सिलिकॉनच्या वाफेला ऑक्सिजन कमी दिला तर थर मऊ येतो, जास्त दिला तर काचेसारखा कडक. खालून मऊ, वर कडक असा उतार देता येतो.

हे करणारी माणसं दूर परदेशातच आहेत असं नाही. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने १९९७ मध्ये उद्योगांसाठी एक वेगळं केंद्र काढलं, एफसीआयपीटी. या केंद्राने अंगोरा सशाच्या लोकरीवर हवेच्या दाबाखालचा प्लाझ्मा वापरायचं यंत्र केलं. अंगोराचा तंतू इतका गुळगुळीत की सूत कातताना निसटतो. प्लाझ्माने तो किंचित खरबरीत केला की धरतो. उष्णतेला नाजूक असलेल्या वस्तूवर गार प्लाझ्मा चालवायचा भारतीय अनुभव तो हाच. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सुधा भोरासकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लाझ्मातून टायटॅनियम डायऑक्साइडचे सूक्ष्म कण बनवले आणि पॉलिमरच्या पृष्ठभागावरही प्लाझ्माचे प्रयोग केले.

आणि नांदेड. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ची, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशीची. विष्णुपुरीला त्याचा परिसर आहे. इथल्या भौतिकशास्त्र संकुलात राजाराम माने यांनी पातळ थरांवर काम केलं. ही कोल्हापूरची परंपरा. तिथल्या शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे यांनी महागड्या व्हॅक्यूम यंत्रांशिवाय, काचेच्या बीकरमध्ये, उकळबिंदूखालच्या तापमानात, रसायनांच्या द्रावणातून थर बसवण्याची रीत रुजवली. माने आणि लोखंडे यांनी मिळून २००० साली धातूंच्या चाल्कोजेनाइड संयुगांच्या अशा थरांचा जो आढावा लिहिला, तो जगभरच्या प्रयोगशाळांत आजही उद्धृत होतो. पुढे माने यांनी कोरियातल्या सहकाऱ्यांबरोबर टायटॅनियम डायऑक्साइडच्या थरांवर, सौर घटांसाठी, काम केलं. पैसा नसलेल्या विद्यापीठांनी निवडलेली ही वाट आहे आणि तिच्यातून भरपूर निबंध व डॉक्टरेट निघाल्या. पण बीकरमधला थर साडेतीन फुटी टेबलावर बसवता येत नाही, आणि पुष्कळदा नंतर भट्टीत घालावाच लागतो. तिथे प्लास्टिकचा विषय संपतो. थर ओळखणारी, मोजणारी, त्याचे स्फटिक तपासणारी माणसं मात्र नांदेडात आहेत. हे भांडवल कमी नाही.

आता कडू भाग. समजा, लेप उत्तम बसला. तरी शयनयानात तो काम करेल का? रात्रीची गाडी आहे. आत एलईडीचे दिवे. पांढऱ्या एलईडीत निळी चकती असते, ४५० नॅनोमीटरच्या आसपासची, आणि तिच्यावर पिवळा फॉस्फर. ४५० नॅनोमीटर म्हणजे २.७५ इलेक्ट्रॉनव्होल्ट. अनाटेजला हवेत ३.२. हिशेब जमत नाही. दिवसा खिडकीतून ऊन येतं, पण लॅमिनेटेड काचेतला मधला प्लास्टिकचा थर अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवतो. प्रवाशाच्या कातडीसाठी ते चांगलंच. लेपाच्या पोटावर मात्र पाय. उन्हाच्या एकूण ऊर्जेत अतिनीलचा वाटा मुळातच चार-पाच टक्के. २००१ मध्ये जपानच्या टोयोटा प्रयोगशाळेने ‘सायन्स’मध्ये दाखवलं की थरात थोडा नायट्रोजन मिसळला तर तो दृश्य प्रकाशही घेतो, आणि प्लाझ्मात नायट्रोजन मिसळणं म्हणजे एक नळी जास्त उघडणं. पण असे थर अतिनीलमध्ये चालणाऱ्या थरांच्या मानाने बरेच मंद असतात. ज्याला ‘प्रकाशात जंतू मारणारा’ लेप विकायचा आहे तो कोणत्या प्रकाशात, हे सहसा सांगत नाही.

स्वतः स्वच्छ होण्याचीही तीच कथा. इंग्लंडातल्या खिडकीवर बारमाही पाऊस भुरभुरतो. लेप तेलकट मळ तोडतो, पाऊस धुऊन नेतो. नांदेड-लातूरच्या खिडकीवर बसते ती काळ्या रानाची धूळ. ती खनिज आहे, तिच्यात तोडण्यासारखं कार्बनी फार थोडं. आणि धुणारा पाऊस चार महिन्यांचा, तोही आला तर. ऑक्टोबर ते मे हा लेप धुळीखाली मुकाट बसेल.

पाण्याच्या बॅरलांचं उत्तरही असंच निघतं. निळं बॅरल, काळी टाकी यांच्या आत अंधार असतो. तिथे लेप देऊन उपयोग शून्य. आणि मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्याचं दुखणं फ्लोराइड, नायट्रेट आणि जडपणाचं. फ्लोराइड हे काही कार्बनी नाही, ते तुटत नाही. उलट, जिवाणूंपुरताच प्रश्न असेल तर पारदर्शक पेटच्या बाटलीत स्वच्छ पाणी भरून सहा तास कडक उन्हात आडवं ठेवण्याची रीत, जिचा प्रसार स्वित्झर्लंडच्या ईएडब्ल्यूएजी संस्थेने केला, कुठल्याही लेपाशिवाय चालते. ढगाळ असेल तर दोन दिवस. फुकट.

मग लेप कशाला, असं वाटेल. माझं मत असं की अख्ख्या डब्याला लेप फासण्याची कल्पना सोडून द्यावी. डब्यातले काही सुटे भाग घ्यावेत: खाण्याचं टेबल, स्विचची पाटी, संडासाच्या दाराची कडी, नळाभोवतीचं पॅनल. हे भाग चेंबरमध्ये मावतात, बसवण्याआधी लेप देता येतो, झिजले तर काढून बदलता येतात. आणि प्रकाश? गाडी शेवटच्या स्थानकाला पोहोचली की साफसफाईसाठी पिट लाइनवर उभी राहते. तिथे रिकाम्या डब्यात ३६५ नॅनोमीटरचे अतिनील दिवे काही वेळ लावणं अशक्य नाही. असे एलईडी आता सहज मिळतात. प्रवासात लेप झोपलेला आणि यार्डात जागा, अशी ही योजना. नांदेड हा २००३ पासून दक्षिण मध्य रेल्वेचा स्वतंत्र विभाग आहे, देखभालीची कामं इथे होतातच. दुसरी जागा म्हणजे स्थानकावरचे, बसथांब्यांवरचे पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे पत्रे. तिथे ऊन मुबलक आहे, कबुतरांची कृपा कार्बनी आहे, आणि प्लास्टिकला कवचाची गरज नाहीतरी असतेच.

फवारलेल्या लेपाबद्दल आणखी एक प्रश्न विचारायला हवा. बारा महिन्यांत तो संपतो म्हणजे जातो कुठे? श्वासातून जाणारी टायटॅनियम डायऑक्साइडची बारीक भुकटी कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ‘कदाचित कर्ककारक’ गटात ठेवली आहे, आणि युरोपीय संघाने २०२२ मध्ये खाद्यपदार्थांत टायटॅनियम डायऑक्साइडचा वापर बंद केला. घट्ट बसलेला थर म्हणजे भुकटी नव्हे. पण खाण्याच्या टेबलावरून दर वर्षी झिजून जाणारा थर आणि प्लाझ्माने रुजवलेला थर यांच्यात निवड करायची तर हा मुद्दा मोजायला हवा.

मोजण्याची साधनं तयार आहेत. निळा मेथिलीन ब्लू रंग किती वेगाने फिका होतो हे पाहायचं मानक आयएसओ १०६७८, पाण्याचा थेंब किती पसरतो याचं आयएसओ २७४४८, जिवाणू किती मरतात याचं आयएसओ २७४४७. त्यात दिव्याची तरंगलांबी आणि तीव्रता लिहावीच लागते. नांदेडच्या विद्यापीठाचा उपपरिसर लातुरात आहे आणि हरंगुळचा कारखानाही लातुरातच. कारखान्याने भिंतीच्या, टेबलाच्या प्लास्टिकचे तुकडे द्यावेत, गांधीनगर किंवा पुण्याहून त्यांच्यावर थर बसवून आणावेत, आणि नांदेडच्या विद्यार्थ्यांनी ते एक उन्हाळा, एक पावसाळा डब्यात लावून नंतर या तीन कसोट्यांवर तपासावेत. यासाठी नवी इमारत लागत नाही, उद्घाटनही लागत नाही. दोन संस्थांमधला एक करार पुरतो. तोवर डब्यात, दवाखान्यात किंवा हॉटेलात ‘नॅनो लेपामुळे जंतुमुक्त’ अशी पाटी दिसली, तर वाचकहो, दोनच गोष्टी विचारा: लेप कोणत्या प्रकाशात तपासला, आणि तपासणीचा कागद कुठे आहे?